कप्तानाचे तबक, सारंगाचे घर

पत्राचा गोषवारा: रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावातून एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्यांचे पणजोबा मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या आगबोटींवर सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, होते. माहेरच्या घरात चांदीचे एक गोल, तीन पायांचे तबक आहे. वादळात सापडलेली आगबोट सुखरूप बंदराला आणल्याबद्दल प्रवाशांनी कृतज्ञतापूर्वक हे तबक कप्तानाला अर्पण केले, असा इंग्रजी मजकूर त्यावर कोरलेला आहे. कप्तानाचे नाव इंग्रज आहे आणि साल विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले. मागच्या बाजूला सिंह, नांगर, एक अक्षर असे बारीक ठसे आहेत. नांगर ही त्या आगबोटीची खूण, असे घरात मानले जाते. ईदेला शीरखुर्म्याच्या वाट्या या तबकात मांडल्या जात, आणि "तुमच्या पणजोबांनी बोट वाचवली म्हणून साहेबाने दिले" असे मुलांना सांगितले जाई. वडील वारल्यानंतर यंदा वाटणीची बोलणी सुरू झाली आहेत. थोरल्या भावाला तबक मोडीत घालून पैसे वाटून घ्यायचे आहेत. इंग्लंडमध्ये शिकणारा धाकट्या भावाचा मुलगा म्हणतो की, यावर आपल्या माणसाचे नावच नाही, तेव्हा ते चोरीचेच असणार. मी ते बॅगेतून नेतो आणि कप्तानाच्या वंशजांना शोधून परत करतो, असेही तो म्हणतो. पत्रलेखिका विचारतात, "तबक ठेवले तर आम्ही चोरीचा माल सांभाळतो असे होते, आणि परत केले तर पणजोबांना चोर ठरवल्यासारखे होते. शिवाय मी लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली. या बाबतीत बोलण्याचा मला अधिकार तरी आहे का?" गावाचे, आगबोटीचे आणि कप्तानाचे नाव येथे मुद्दाम गाळले आहे.

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्याचे उत्तर स्पष्ट आहे. तुम्हाला बोलण्याचा अधिकार आहे, आणि तो कोणी मेहेरबानी म्हणून देण्याचा नाही. वडिलांच्या मालमत्तेत मुलगी ही शरियतनेच ठरवलेली वारस असते. भावांबरोबर तिचा हिस्सा भावाच्या निम्मा असतो, पण तो असतोच, आणि लग्न झाल्याने तो जात नाही. आपल्या देशात १९३७ च्या शरियत कायद्यानेही हे मान्य केलेले आहे. आई हयात असतील तर त्यांचाही हिस्सा आहे. तबक ही सामाईक वस्तू असल्यामुळे थोरल्या भावाने एकट्याने ते सराफाकडे नेणे आणि भाच्याने एकट्याने ते विमानात बसवणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच अयोग्य आहेत. तेव्हा पुढचे सगळे तुम्ही वाटेकरी म्हणून वाचा.

आता तुम्हाला खरोखर टोचणाऱ्या गोष्टीकडे येतो. तुमच्या पत्रात "चोरी" हा शब्द सहा वेळा आला आहे, आणि तो शब्द कोणत्या पुराव्यावर उभा आहे हे मी दोनदा वाचून शोधले. मला तबकावर दुसऱ्याचे नाव असणे एवढेच कारण सापडले. हेच तबक मुंबईतल्या एखाद्या बॅरिस्टराच्या वाड्यात कपाटात दिसले असते, तर पाहणाऱ्याने "कुठल्यातरी लिलावात घेतलेले दिसते" असे म्हटले असते. ते सारंगाच्या घरात निघाले म्हणून चोरीची शंका आली. ही शंका वस्तूने निर्माण केलेली नाही; खलाशाच्या घरात चांदी कशी, या जुन्या नजरेने ती निर्माण केली आहे, आणि तुमच्या भाच्याने ती नजर नकळत उचलली आहे. त्याच्या हेतूबद्दल मला आदर आहे. ज्याचे त्याला द्यावे असे त्या वयात वाटणे चांगलेच. पण न्याय करायला निघालेल्या माणसाने पहिला निवाडा आपल्याच खापरपणजोबांविरुद्ध, साक्षीपुराव्याशिवाय देऊ नये.

मात्र घरातली दुसरी कथाही तितकीच तपासावी लागेल. "साहेबाने दिले" हे ऐकीव आहे. ते खरे असू शकते. वादळात सारंगाने जे केले त्याची जाण कप्तानाइतकी दुसऱ्या कोणाला असणार? पण आणखीही वाटा संभवतात. गोरे अधिकारी हिंदुस्थान सोडून जाताना किंवा येथे वारल्यावर त्यांचे घरसामान लिलावात निघणे ही मुंबईत नित्याची गोष्ट होती, आणि अशा सामानातल्या वस्तू हातोहात फिरून बाजारात येत. सारंग हा तर पैसा हाती असणारा माणूस होता. खलाशांची भरती पुष्कळदा त्याच्यामार्फत होई, तो त्यांना उचल देई, आणि त्यांच्या पगारातून आपला वाटाही घेई. त्याबद्दल खलाशांच्या तक्रारी असत, हेही खरे आहे. म्हणजे तुमचे पणजोबा चांदीचे तबक विकत घेण्याच्या ऐपतीचे असू शकतात, आणि त्या ऐपतीमागे गरीब खलाशांच्या पगारातला काही भागही असू शकतो. हे मी तुम्हाला दुखावण्यासाठी लिहीत नाही. पण पणजोबांना एक तर चोर किंवा एक तर पराक्रमी पुरुष एवढ्या दोनच खणांत बसवायचे ठरवले, तर तो खरा माणूस तुमच्या हाती कधीच लागणार नाही.

तबकाच्या पाठीवरचे ठसे तुम्ही बारकाईने कागदावर उतरवून पाठवलेत, त्याबद्दल आभार. त्यातला नांगर आगबोटीचा नाही. तो बर्मिंगहॅमच्या चांदी तपासणी कचेरीचा ठसा आहे. १७७३ साली स्थापन झालेली ही कचेरी समुद्रापासून दूर असलेल्या शहरात असूनही तिची खूण नांगर आहे. लंडनची खूण बिबट्याचे मुख, आणि शेफिल्डची त्या काळी मुकुट. चालणारा सिंह म्हणजे चांदी स्टर्लिंग, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध, असल्याची ग्वाही. शेजारचे अक्षर तपासणीचे वर्ष सांगते, कारण दरवर्षी अक्षर बदलत असे आणि वर्णमाला संपली की अक्षराचे वळण किंवा त्याभोवतीची चौकट बदलून नवी फेरी सुरू होई. या अक्षरांचे तक्ते छापील पुस्तकांत आणि इंटरनेटवर सहज मिळतात. तुम्ही अक्षराबरोबर त्याची चौकटही नीट पाहा, नाहीतर पंचवीसएक वर्षांची चूक होते. ठशाचे वर्ष कोरलेल्या सालाच्या बरोबरीचे किंवा थोडे आधीचे असेल तर काहीच विचित्र नाही, कारण दुकानात तयार असलेले तबक घेऊन त्यावर मजकूर कोरून घेण्याची पद्धत होती. ठशाचे वर्ष कोरलेल्या सालाच्या बरेच नंतरचे निघाले, तर मात्र कोरीव मजकूर मागाहून घातलेला आहे असे समजावे आणि सगळ्यांनी पुन्हा एकत्र बसावे.

ज्या वाचकांच्या घरी अशाच जुन्या वस्तू असतील त्यांच्यासाठी येथेच सांगतो. ठशांत सिंह नसून नुसते कारागिराचे किंवा पेढीचे नाव असेल, तर ती वस्तू हिंदुस्थानात घडलेली असण्याचा संभव असतो. कलकत्त्याची हॅमिल्टन, मद्रासची पी. ऑर, भुजचे उमरसी मावजी यांच्या नावाचे काम आज संग्राहक आवर्जून शोधतात, आणि त्यांवर इंग्रजी तपासणीचा ठसा नसणे हा दोष नव्हे. ई.पी.एन.एस. ही अक्षरे असतील तर मात्र वस्तू चांदीचा मुलामा दिलेली आहे. ती वितळवली तर हाती जवळजवळ काहीच येणार नाही.

थोरल्या भावांची बाजू मी हलकी मानत नाही. त्यांच्या मुलीच्या शिक्षणाची फी भरायची आहे असे तुम्ही लिहिले आहे, आणि गरज ही गरज असते. पण त्यांचा हिशेब चुकतो आहे. सराफ मोड घेताना टंच काढतो, घट धरतो, आणि घडणावळीचा, कोरीव कामाचा, सालाचा एक पैसाही देत नाही. सुमारे साठ तोळे वजनाच्या तबकाचे त्यांना साठ तोळे शुद्ध चांदीचे पैसे मिळणार नाहीत. अशा वस्तूची किंमत मुख्यतः तिच्या मजकुरात असते. टायटॅनिकमधून वाचलेल्या माणसांना उचलून न्यूयॉर्कला आणणाऱ्या कार्पेथिया आगबोटीचे कप्तान आर्थर रॉस्ट्रन यांना तीन विधवांनी दिलेले सोन्याचे खिशातले घड्याळ २०२४ साली इंग्लंडमधील लिलावात १५ लाख ६० हजार पौंडांना गेले. त्यात सोने किती होते हे कोणी विचारले नसेल. तुमच्या तबकामागे असे जगप्रसिद्ध प्रकरण नाही, त्यामुळे तशा आकड्यांची आशा भावांना मुळीच लावू नका. एवढेच सांगा की वितळवणे हा एकच मार्ग असा आहे ज्यातून नंतर मागे फिरता येत नाही. पैशाची निकड खरी असेल तर एखाद्या जाणकाराकडून लेखी मूल्यांकन करून घ्या आणि बाकीच्या वाटेकऱ्यांनी मिळून त्या रकमेतला थोरल्या भावांचा हिस्सा हप्त्यांनी द्यावा. विकायचेच ठरले तर पुरावस्तूंच्या व्यवहाराचा परवाना असलेल्या माणसालाच विका.

रॉस्ट्रन यांच्याकडे थोडे आणखी थांबतो. वाचलेल्या प्रवाशांनी २९ मे १९१२ रोजी त्यांना चांदीचा एक मोठा चषकही अर्पण केला होता. त्या प्रवाशांच्या समितीच्या वतीने त्यांच्यातल्याच मार्गारेट ब्राउन यांनी तो दिला. पण त्याच वेळी कार्पेथियावरच्या कर्मचाऱ्यांनाही पदके मिळाली, हुद्द्याप्रमाणे सोन्याची, चांदीची आणि कांस्याची. असे क्वचित घडे. एरवी प्रवासी वर्गणी काढत, मानपत्र लिहीत, आणि चांदीवर एकच नाव कोरले जाई. तुमच्या तबकाच्या बाबतीतही तसेच झाले असावे. वादळ झाले त्या रात्री झडपा बांधणारे, जीवरक्षक होड्यांचे दोर सांभाळणारे, पाण्याने धुतल्या जाणाऱ्या डेकवर सारंगाच्या शिट्टीबरोबर धावणारे हात बहुधा रत्नागिरीचे होते, कारण मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या ब्रिटिश आगबोटींवर डेकवरचे काम मुख्यतः कोकणी मुसलमान करत, आणि जेवणघराकडे गोव्याचे लोक असत. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५१ हजार हिंदी खलाशी होते, आणि त्यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या एक तृतीयांशाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असे. मुंबईत मस्जिद बंदराजवळच्या खलाशीगृहात त्या युद्धात मेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी दर्यावर्दींचे स्मारक आहे. भाचा पुढच्या वेळी आला की त्याला तेथे घेऊन जा. तबकावर आपल्या माणसाचे नाव नाही, हे त्याचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. त्यातून त्याने काढलेला अर्थ मात्र मला पटत नाही. नाव नसणे हे त्या काळच्या व्यवस्थेबद्दल सांगते. पणजोबांच्या सचोटीबद्दल ते काहीच सांगत नाही.

परत करण्याच्या पर्यायाचा विचार टाळू नये. पण तो आत्ता करण्याजोगा नाही, याला दोन कारणे आहेत. पहिले कायद्याचे. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, मग ती बर्मिंगहॅमला घडलेली का असेना, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. या गुन्ह्याला किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैद आहे. वस्तू पुरावस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घ्यावा लागतो, आणि तुमच्या तबकाचे साल पाहता तो मिळेल असे मला वाटत नाही. भाच्याने ते बॅगेत घातले तर विमानतळावर पकडले जाऊन त्याच्यावरच खटला भरला जाऊ शकतो. दुसरे कारण असे की ज्यांना परत द्यायचे त्यांच्याबद्दल तुम्हाला अजून काहीच माहीत नाही. कप्तानाने किंवा त्याच्या पत्नीने ते तबक स्वखुशीने दिले किंवा विकले असेल, तर परत करण्याला अर्थच राहत नाही.

म्हणून भाच्याच्या उत्साहाला मी दुसरे काम देईन, आणि ते तो इंग्लंडात असल्यामुळे त्यालाच उत्तम जमेल. लॉइड्स या लंडनच्या जहाज-विमा संस्थेची कप्तानांची नोंदणीपुस्तके, १८५१ ते १९४७ या काळातली, लंडनच्या अभिलेखागारात आहेत. कोणता कप्तान कोणत्या साली कोणत्या आगबोटीवर होता हे त्यात सापडते. ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात कप्तानांच्या परवान्यांची कागदपत्रे आहेत. कप्तान केव्हा वारला, कोठे वारला, मुंबईत की मायदेशी, एवढे कळले तरी तबक येथे का राहिले याचा अर्धा उलगडा होईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जहाजावरच्या माणसांच्या याद्या. १९१५ सालच्या याद्या इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात आणि त्यात हिंदी खलाशांचीही नावे आहेत. १८६३ ते १९३८ या काळातल्या बहुतेक याद्या कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात ठेवलेल्या आहेत, आणि आगबोटीचा अधिकृत क्रमांक व साल कळवले तर त्यांच्याकडे चौकशी करता येते. तबकावरच्या आगबोटीवर, त्या साली, तुमच्या पणजोबांचे नाव सारंग म्हणून निघाले तर घरातल्या कथेला मोठा आधार मिळेल. नाव लगेच सापडले नाही तर निराश होऊ नका. इंग्रज कारकुनाने कोकणी नावे कानाला लागली तशी लिहिली आहेत, तेव्हा उच्चार बदलून बदलून शोधा.

येथील काम तुमचे आहे. घरात पत्र्याच्या नळीत ठेवलेला जुना दाखला, ज्याला खलाशी मंडळी "नली" म्हणत, तो आहे का हे माळ्यावर पाहा. त्यावर आगबोटींची नावे आणि तारखा असतात. मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात त्या काळची वृत्तपत्रे आहेत, आणि प्रवाशांनी कप्तानाला भेट दिल्याच्या बातम्या तेव्हा छापून येत. पण या सगळ्याच्या आधी तुमच्या नव्वदीच्या आत्यांकडे जा. कागद आणखी दहा वर्षांनीही सापडतील. त्यांना "तबक कोणी दिले" असे विचारू नका, कारण उत्तर ठरलेले येईल. ते कोणत्या पेटीत असे, कोण पुसत असे, पाहुण्यांना त्याबद्दल काय सांगत, आणि ते कधी गहाण पडले होते का, हे विचारा. ऐकाल ते त्यांच्याच बोलीत, तारीख घालून लिहा.

एक विनंती मात्र कडकपणे करतो. वाटणीच्या बैठकीसाठी कोणीतरी ते चिंचेने किंवा राखेने लखलखीत करील, ते होऊ देऊ नका. काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाशी चांदीचा झालेला संयोग आहे. तो घासून काढताना दर वेळी चांदीचा एक पापुद्रा जातो आणि कोरलेली अक्षरे उथळ होत जातात. टूथपेस्ट, रांगोळी, सोड्याच्या गरम पाण्यात ॲल्युमिनियमचा कागद घालण्याची युक्ती, हे सगळे वर्ज्य. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ सुती कापड पुरेसे आहे. कोकणच्या खाऱ्या हवेत ते उघडे ठेवू नका. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, आणि वर्तमानपत्र, लोकर आणि रबर त्याला लागू देऊ नका. मजकूर नीट वाचायचा असेल तर खडूची पूड चोळण्याऐवजी अंधाऱ्या खोलीत एका बाजूने टॉर्चचा तिरपा उजेड पाडून फोटो काढा. पाठीचे ठसे, वजन आणि व्यासही नोंदवा, आणि ती नोंद सगळ्या वाटेकऱ्यांना पाठवा.

शोध संपल्यावर काय करावे याबद्दल माझे मत विचारले आहे म्हणून सांगतो. चोरीचा सबळ पुरावा मिळाला नाही, आणि तो मिळेल असे मला वाटत नाही, तर तबक घरातच राहावे. त्याचा एक सांभाळणारा सर्वांनी लेखी ठरवावा आणि मला तो मान तुम्हाला मिळालेला आवडेल. कप्तानाचे वंशज सापडले तर त्यांना फोटो आणि पणजोबांची हकीकत पाठवा. त्यांच्या घरीही या वादळाची एखादी बाजू कोणी सांगत आले असेल. घरात कोणालाच सांभाळणे शक्य नसेल, तर मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारख्या संस्थेला विचारून पाहा, कारण तेथे युरोपीय चांदीही आहे आणि वस्तू जतन करणारे तज्ज्ञही आहेत. पण द्याल तेव्हा करारपत्रात एक अट घाला की तबकाशेजारच्या पाटीवर कप्तानाबरोबर सारंगाचेही नाव लिहिले जाईल.

आणि येत्या ईदेला ते बाहेर काढावे की नाही, असे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, ओशाळून विचारले आहे. काढा. वाट्यांखाली सुती रुमाल अंथरा, शीरखुर्मा सांडलाच तर त्याच संध्याकाळी कोमट पाण्याने पुसून कोरडे करा, आणि आत्यांना त्या दिवशी मुद्दाम बोलावून तबकाच्या जवळ बसवा.